चंद्रावरून पृथ्वी मावळत नाही

ऑगस्ट संपत आला की माझ्याकडे माणसं मंगळावर जायला लागतात. कुणी शुक्राच्या ढगांत तरंगतं, कुणी काळाच्या मागे जाऊन आपल्याच पणजोबांना भेटतं, कुणाच्या घरचा यंत्रमानव एकाएकी रुसून बसतो. दिवाळी अंकांसाठी आलेल्या विज्ञानकथा तपासायचं काम मी करतो. कथा चांगली की वाईट हे संपादकांनी ठरवायचं. तिच्यातलं शास्त्र ठीक आहे का, एवढंच मी बघायचं. एरवी वर्षभर दादरच्या एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. पण गणपतीपासून नवरात्र संपेपर्यंतचे दिवस मी मनाने छापखान्यात असतो. आता छापखाना राहिला नाही, कथा फोनवर येतात, तरी असतो.

पूर्वी हा मोसम हाताला लागायचा. गिरगावात, खोताच्या वाडीच्या जरा पुढे, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर छापखाना होता आणि लाकडी जिना चढून वर गेलं की मासिकाचं कार्यालय. वर्षभर हे मासिक हडकुळं असायचं आणि दिवाळीला बाळसं धरायचं. खालून रॉकेलचा वास यायचा. छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे धुवायला ते वापरत. प्रुफं ओलसरच वर यायची. ती उडू नयेत म्हणून पंखे बंद. भाद्रपदातला दमट उकाडा, खिडकीतून येणारा ढोलांचा सराव, आणि घामाचा थेंब कागदावर पडला की तिथलं अक्षर फुगून शेजारच्याला चिकटायचं. शाई बोटांना लागायची, मग चहाच्या कपाला, भज्यांना, लालबागला घरी पोचल्यावर दाराच्या कडीला. आई म्हणायची, "आधी हात धू, मग देवाकडे बघ."

मी एकवीस वर्षांचा होतो. याच मोसमात, त्या टेबलावर बसून, मी एका लेखिकेच्या कथेतली एक ओळ बदलली आणि दुसरी खोडली. नंतर मला विचारलं तेव्हा, मी तसं काही केलेलं नाही, असं सांगितलं. लेखिकेचं नाव शरयू मिठबावकर. आजच्या वाचकाला हे नाव माहीत असायचं कारण नाही. त्याला माहीत नाही याचं कारण मी, असं मला तीस वर्षं वाटत आलं आहे.

यंदा हे वर आलं ते मुग्धामुळे. मासिकाचे संपादक अण्णा टिपणीस गेले, मासिक बंद झालं, पण त्यांची मुलगी मुग्धा दिवाळी अंक तेवढा नेमाने काढते. तिचा फोन आला.

"काका, जुन्या अंकांतली एक कथा परत छापायची म्हणतेय. बाबांनी बांधून ठेवलेले अंक काढले. त्यात एक चंद्रावरची आहे. नवरा खाणीत कामाला, बायको खोलीत एकटी, पाणी ठरल्या वेळेलाच येतं. अहो, काय भारी लिहिलंय. वाचलीय तुम्ही?"

"वाचलीय."

"शेवट जरा फुसका आहे. बाकी एकदम कडक. बाई आहेत का हो? परवानगी घ्यावी लागेल."

"मी विचारतो," मी म्हणालो.

शेवट जरा फुसका आहे. तो शेवट माझा होता.

परळच्या ज्या कॉलेजात मी शिकलो तिथे शरयूताई फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट होत्या. शिकवणाऱ्या बायकांना आम्ही मॅडम म्हणायचो आणि यांना ताई. कोण कुठल्या पायरीवर ते त्यातच कळायचं. वडील गिरणीत, घर करी रोडच्या चाळीत, पाठची चार भावंडं. इंटर सायन्स झाल्यावर शिक्षण सोडून त्यांनी ही नोकरी धरली होती. भिंगं पुसायची, लोलक टांगायचे, बॅटरीतलं पाणी बघायचं, थर्मामीटर फोडणाऱ्याला झापायचं. प्रयोग कसा करायचा ते सर फळ्यावर सांगत. तो आपल्याला का जमत नाहीये, ते ताई टेबलापाशी येऊन सांगत.

लिहायच्या त्याही तिथेच. मुलं वर्ष संपल्यावर टाकून जात त्या जर्नलांची मागची कोरी पानं त्या फाडून ठेवत. आलेखाचा कागद उरला तर तोही चाले. त्या बारीक हिरव्या चौकटींवर निळ्या शाईतली त्यांची सरळ, न चढणारी न उतरणारी ओळ मला आजही डोळ्यांसमोर दिसते. नाव घालायच्या 'श. मिठबावकर'. त्यामुळे वाचकांची पत्रं यायची ती 'माननीय मिठबावकर साहेब' अशी. ताई पत्र एप्रनच्या खिशात सरकवत म्हणायच्या, "साहेबांची डाक आली."

त्या काळी दिवाळी अंकातल्या विज्ञानकथेत एक दाढीवाला शास्त्रज्ञ असायचा, त्याची गुप्त प्रयोगशाळा असायची आणि त्याला एक देखणी पुतणी असायची. ताईंच्या कथेत असं कुणी नसे. त्यांच्या अवकाशस्थानकावर पाणी पहाटे साडेपाच ते साडेसहा येई. त्यांच्या मंगळावर गिरणी होती, आणि सूत तुटू नये म्हणून कताईच्या खात्यातल्या हवेत किती ओल ठेवायची यावरून तिथे भांडण होतं. एका कथेत पृथ्वीवरून कुणीतरी सुक्या बांगड्यांचं पुडकं चोरून नेतं आणि सगळं यान तीन दिवस त्या वासात प्रवास करतं. चोर सापडत नाही, कारण तपास करणाऱ्यालाच तो वास घरची आठवण देत असतो. एका टीकाकाराने लिहिलं, हे विज्ञान नव्हे, ही चाळ आहे. मी ताईंना ते वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "चाळीत विज्ञान नसतं असं वाटणारा माणूस तिसऱ्या मजल्यावर पाणी चढवायला कधी उभा राहिला नसणार."

जून लागला की संपादकांची कार्डं सुटायची. 'यंदाच्या दिवाळी अंकासाठी आपली विज्ञानकथा हवी. गणपतीपूर्वी पाठवावी.' लेखकाचं बरं चाललंय की नाही ते या कार्डांवरून कळायचं. लॅबच्या खिडकीच्या चौकटीत एक खिळा होता, ताई कार्डं त्याला टोचून ठेवायच्या. मी शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा तिथे सात-आठ कार्डं एकावर एक होती.

मला अण्णांकडे पाठवलं तेही ताईंनीच. "टिपणीसांना शास्त्राचा मुलगा हवाय, मजकूर तपासायला. जाशील? चहा मिळेल, वाचायला मिळेल. याउपर काही मिळेल असं मी सांगत नाही."

अण्णा बारीक, ठेंगणे, धोतर नेसणाऱ्या शेवटच्या पिढीतले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "खटकेल तिथे खूण कर. पण बदलायचं ते लेखकाला विचारून. वेलांटीसुद्धा त्याच्या मालकीची असते, बाळा."

ताईंची चंद्रावरची कथा त्या वर्षी आली. करी रोडची एक मुलगी लग्न होऊन चंद्रावर जाते. नवरा पाळीला जातो, ती खोलीत. खोलीला ताटाएवढी खिडकी. खिडकीतून पृथ्वी दिसते, आणि ती रोज, कधीही बघितलं तरी, त्याच जागी असते. शेवटी ती मुलगी म्हणते की आईच्या गॅलरीतून गिरणीची चिमणी दिसायची तशी ही पृथ्वी, होती तिथेच. आणि मग शेवटची ओळ: 'जे जातच नाही, त्याची वाट तरी कशी बघायची?'

प्रूफ हातात आलं तेव्हा मी ठाम होतो की हे चूक आहे. आपल्याकडून चंद्र उगवतो-मावळतो, तर तिकडून पृथ्वी उगवणार-मावळणारच. चंद्राच्या क्षितिजावर उगवणाऱ्या पृथ्वीचा तो प्रसिद्ध फोटो मी पाहिला होता. तो चंद्राभोवती फिरणाऱ्या यानातून काढलेला आहे, हलत होतं ते यान, हे मला कळलेलं नव्हतं. चंद्राचं एकच तोंड सतत आपल्याकडे असतं, म्हणून तिथे उभ्या असलेल्या माणसाला पृथ्वी एकाच जागी दिसते. ताईंनी लिहिलं होतं ते बरोबर होतं. सगळी कथा त्या एका बरोबर गोष्टीवर उभी होती.

मी लिहिलं, 'पृथ्वी मावळली. उद्या सकाळी ती पुन्हा उगवणार होती.' शेवटची ओळ आता लागू पडेना, म्हणून ती खोडली.

मी विचारलं का नाही? ताई मला रोज भेटत होत्या. लॅबमध्ये दहा पावलांवर. खरं सांगायचं तर मला वाटलं, मी त्यांची लाज राखतोय. पदवी नाही, चुकणारच, गुपचूप नीट करून टाकू. माझी पदवी अजून हातात यायची होती, पण माज येऊन बसला होता. आणि शेवट आशादायक झाला याचा मला थोडा अभिमानही वाटला. त्या पानांचा फर्मा त्याच दिवशी छपाईला गेला. कथेसमोरच्या पानावर हिंदमाताच्या एका साडीवाल्याची जाहिरात होती, तिच्यातली फोन नंबरची चूकसुद्धा मी पकडली होती.

डिसेंबरच्या अंकात एक पत्र छापून आलं. लिहिणारे आमच्याच कॉलेजातले फिजिक्सचे एक प्राध्यापक. चंद्रावरून पृथ्वी मावळत नाही, चंद्रावरची सकाळ महिन्यातून एकदाच होते, आणि विज्ञानकथा लिहिणाऱ्याने निदान शाळेचं पुस्तक तरी उघडावं, असा एकूण सूर. पत्र इतर दोन-तीन ठिकाणी चवीने चघळलं गेलं. कॉलेजात तर विचारू नका. सर लॅबमध्ये शिरताना म्हणायचे, "काय मिठबावकर, उगवली का आज पृथ्वी?" मुलं हसायची. ताई म्हणायच्या, "सर, पट्टी आणि स्टॉपवॉच टेबलावर ठेवलंय." एकदाच त्यांनी उत्तर दिल्याचं मी ऐकलं. "सर, मी तसं लिहिलं नव्हतं." सर म्हणाले, "सगळे लेखक हेच म्हणतात."

हसणाऱ्या मुलांत मी नव्हतो. मी मान खाली घालून लोलकाचे फेरे मोजत होतो. पण हसलो नाही म्हणून माझा दोष काही कमी होत नाही.

त्या आठवड्यात अण्णांनी मला बोलावलं. ताई येऊन गेल्या होत्या. "मूळ प्रतीत काय होतं रे शेवटी? प्रत रद्दीत गेली वाटतं."

"असंच होतं, अण्णा."

"नक्की?"

"हो. असंच."

बस, एवढंच. दोन वाक्यं. प्रत रद्दीत गेली आहे हे त्यांनी आधी सांगितलं नसतं तर मी खरं बोललो असतो का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. उत्तर मला आवडत नाही.

अण्णा ताईंना काय म्हणाले ते मला माहीत नव्हतं. मी धरून चाललो की त्यांनी माझं नाव घेतलं असणार: 'दिलीप म्हणतो, मूळ प्रतीत असंच होतं.' म्हणजे ताईंना कळलं असणार की मी खोटं बोललो. परीक्षा झाली, मी कॉलेज सोडलं, आणि करी रोडच्या बाजूला जायचं टाळायला लागलो. पुढच्या जूनमध्ये खिळ्यावर तीनच कार्डं होती, असं एका मित्राने सांगितलं. त्याच्या पुढच्या जूनचं मी विचारलं नाही. श. मिठबावकर हे नाव अंकांतून गेलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. अनुक्रमणिकेत रिकामी जागा राहत नाही, तिथे दुसरं नाव येतं.

आणि मी मात्र काटेकोर तपासनीस म्हणून नावाजलो. आजही मी एक आकडा बदलायचा तरी लेखकाला फोन करतो. नवे लेखक कंटाळतात. "सर, करून टाका ना तुम्हीच, विचारता काय." संपादक कौतुकाने सांगतात, दिलीप वायंगणकरांसारखा लेखकाचा मान राखणारा माणूस नाही. मी ऐकून घेतो. हा मान कुठून आला, ते कुणाला सांगितलेलं नव्हतं.

करी रोडला ताईंची चाळ होती तिथे आता मनोरा आहे, आणि त्याच्या मागच्या अंगाला जुन्या भाडेकरूंची इमारत. चौदाव्या मजल्यावर लांब बोळ, दोन्ही बाजूंना सारखीच दारं, प्रत्येक दारापाशी चपलांचं लोखंडी कपाट. रविवारची सकाळ होती, एका घरातून मसाला भाजल्याचा खकाणा येत होता आणि सगळा बोळ शिंकत होता. दार ताईंनीच उघडलं. केस पांढरे, चष्मा जाड, पाठ तशीच ताठ.

"दिलीप ना तू? ये. खंय होतंस इतकी वर्सां?"

"इथेच. दादरला."

"लांबच की," त्या म्हणाल्या. "बस."

घरी ताई मालवणी बोलत आणि कामाचं काही निघालं की एकदम शाळेच्या पुस्तकातलं मराठी. मी मुग्धाचा निरोप सांगितला. त्यांचा चेहरा बदलला.

"टिपणीसांच्या अंकात? नको."

"का, ताई?"

"का म्हणजे? त्यांनी माझी कथा बिघडवली आणि कबूल केलं नाही. तोंडावर सांगितलं, आमच्याकडून काही बदल झालेला नाही. माणूस गेला, विषय संपला. पण त्या अंकात नको."

मला क्षणभर काहीच कळेना. आणि मग कळलं. अण्णांनी माझं नाव घेतलंच नव्हतं. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि तो आपला म्हणून पुढे दिला.

मी म्हणालो, "ताई, अण्णांनी बदललं नाही. मी बदललं. तुम्हाला न विचारता. अण्णांनी मला विचारलं, तेव्हा मी म्हणालो की मूळ प्रतीत तसंच होतं."

ताईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा पुसला.

"तू?"

"हो."

"पण तुला तर माहीत होतं."

"काय?"

"पृथ्वी जागची हलत नाही ते. मी लॅबमध्ये दाखवलं होतं तुला. कथा लिहीत होते तेव्हाच. मध्ये स्टूल ठेवलं आणि त्याच्याकडे तोंड करून त्याच्याभोवती फिरले. विचारलं, स्टूल माझ्या नाकासमोरून गेलं का? तू म्हणालास, नाही. मी म्हटलं, जागच्या जागी जराशी डुलेल, पण मावळायची नाही. तू म्हणालास, हां ताई." त्यांनी चष्मा लावला. "म्हणून मी तुला विचारलंच नाही. म्हटलं, हे दिलीपच्या हातून होणं शक्य नाही. म्हणजे टिपणीसांनीच शेवट गोड केला, दिवाळीला अंक खपावा म्हणून."

मला ते आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. स्टूल आठवतं, लॅबमधली सगळी स्टुलं आठवतात, एकाचा पाय आखूड होता तोही आठवतो. ताई फिरताना आठवत नाहीत. कुणीतरी आपल्यासाठी स्टुलाभोवती फिरून दाखवतं आणि आपण 'हां ताई' म्हणून मोकळे होतो. क्लासमध्ये मुलं मला रोज 'हां सर' म्हणतात.

"दर जूनला त्यांचं कार्ड यायचं," ताई म्हणाल्या. "बाकीच्यांची बंद झाली, त्यांचं नाही. मी एकालाही उत्तर दिलं नाही. आजारी होते तेव्हा निरोप आला, एकदा येऊन जा. करी रोडवरून गिरगाव ते काय? गेले नाही. दुसरीकडेही लिहायचं सोडलं. आपण लिहायचं आणि त्यांनी आपल्या नावावर चुका करायच्या. म्हटलं, कशाला."

मी तीस वर्षं समजत होतो की माझी चूक एका ओळीची आणि माझं खोटं दोन वाक्यांचं. एका बाईचं लिहिणं त्यात गेलं हे मी मनाशी मान्य केलेलं होतं, आणि तेवढं मान्य केलं म्हणून स्वतःला थोडा बराही समजत होतो. अण्णा माझ्या यादीत कधी नव्हतेच. ते खुर्चीत बसून दर जूनला कार्ड लिहीत होते, आणि उत्तर का येत नाही ते त्यांना सांगू शकणारा एकच माणूस आठवड्यातून दोनदा त्यांच्यासमोर चहा पीत होता.

"म्हणजे मी चुकीच्या माणसावर रागावले," ताई म्हणाल्या.

"हो."

"च्या घेतंस?"

"नको, ताई."

"घे. मला करायचाय. मला जरा उभं राहायचंय."

त्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या, पाठ माझ्याकडे. आधण उकळत असताना त्यांनी कथेचा शेवट म्हणून दाखवला, पहिल्या शब्दापासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकाही ठिकाणी न अडखळता. मी लिहून घेतला. मी विचारलं, त्यानंतर काही लिहिलंय का, वहीत, कपाटात कुठे. त्या म्हणाल्या, "नाही. तुला ऐकून बरं वाटेल असं काही नाही माझ्याकडे."

परवानगीचं निघताना विचारलं. त्या म्हणाल्या, "टिपणीसांच्या मुलीला आधी सांग. तिचा बाप आहे तो. मग बघू."

मुग्धाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"शेवटच्या वर्षीसुद्धा विचारायचे हो. म्हणायचे, बाईंना काहीतरी लागलंय, काय ते कळत नाही. मी म्हणायचे, असतील कामात, सोडा ना बाबा." फोनवर मागे तिच्या प्रिंटरचा आवाज येत होता. तो थांबेपर्यंत ती थांबली. "लिहून द्या, काका. कथेसोबत छापते. पण त्यांना दाखवून मग द्या. आणि काका, या वर्षी बाकीच्या कथा मी दुसऱ्याकडून तपासून घेते. राग मानू नका."

मी राग मानला नाही. तो मानायचा हक्क माझा नव्हता.

लिहायला मला चार दिवस लागले. दीड पान झालं. त्यात गिरण्यांचा संप, वडिलांची सुटलेली नोकरी, माझं वय, माझी महत्त्वाकांक्षा, तीस वर्षांची सल, सगळं होतं. वर मी मथळा दिला होता 'एक कबुली'. पुढच्या रविवारी तो कागद घेऊन करी रोडला गेलो. ताईंनी खिडकीजवळची खुर्ची ओढली, जाड भिंग घेतलं आणि पेन्सिल मागितली.

"'त्या कोवळ्या वयात'," त्यांनी वाचलं. "एकवीस म्हणजे कोवळं? माझ्या वडिलांनी एकविसाव्या वर्षी गिरणीत दोन साचे सांभाळले. काढते."

"काढा."

"'माझ्या अंतःकरणाला'. अंतःकरण कुणी विचारलंय? 'आदरणीय ज्येष्ठ लेखिका'. आजवर कुणी म्हटलं नाही, आता तू एकटा कशाला म्हणतोस." पेन्सिल चालत होती. वडिलांची नोकरी गेली. संप गेला. सल गेली. "दिलीप, प्रयोग लिहितात तसं लिहावं. काय केलं, काय झालं, चूक कुठे होती. आपल्याला कसं वाटलं ते जर्नलमध्ये लिहीत नाहीत. ते कुठे लिहायचं तिथे लिही."

म्हणून ते इथे लिहिलं आहे.

मथळ्यावर काट मारून त्यांनी 'चूक दुरुस्ती' केलं. अण्णांबद्दलचं वाक्य माझ्या मजकुरात अगदी शेवटी होतं. त्याला बाण काढून त्यांनी ते सर्वांत वर नेलं. शेवटी कागदावर उरलं ते मी त्यांना वाचून दाखवलं.

'या कथेचा शेवट पूर्वी चुकीचा छापला गेला. त्यात संपादक टिपणीस यांचा दोष नव्हता. लेखिकेने पृथ्वी एकाच जागी दिसते असे लिहिले होते व ते बरोबर होते. मजकूर तपासणारे दिलीप वायंगणकर यांनी लेखिकेला न विचारता ते बदलले व संपादकांनी विचारले असता नाकारले. मूळ शेवट आता छापला आहे.'

ताई ऐकत होत्या. मग त्यांनी कागद परत घेतला, भिंग 'नाकारले'वर धरलं. पेन्सिलीचं टोक त्या शब्दाच्या डोक्यावर बराच वेळ थांबलं होतं.

"हा शब्द तूच लिहिलेलास आधीपासून?"

"हो."

"राहू दे," त्या म्हणाल्या, आणि खाली बारीक, सरळ अक्षरात परवानगीची सही केली. सही 'श. मिठबावकर' अशी नव्हती. त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, शरयू मिठबावकर, आणि म्हणाल्या, "कथेवर पण हेच घालायला सांग तिला."